जाण्यायेण्याची रंगीत तालीम

झाकणरावांच्या बायकोचा तालमीवर फार विश्वास. ती रंगांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होती. आग लागली तर कुठल्या दाराने पळायचं, पळताना काय उचलायचं नाही, बाहेर येऊन कुठे उभं राहायचं, हे ती वर्षभर लोकांकडून घोटून घेई आणि लोक कुरकुरत का होईना, पळत. हे खूळ कारखान्यातच राहिलं असतं तर कोणाची ना नव्हती. पण मुलगी व्हायच्या आधी तिने पिठाची पिशवी दुपट्यात गुंडाळून आठवडाभर नवऱ्याच्या मांडीवर दिली होती. पुढे तिचे वडील कायमचे राहायला येणार असं ठरलं, तेव्हा पंधरा दिवस जेवणाच्या टेबलाशी एक रिकामी खुर्ची मांडून तिच्याशी अदबीने बोलायची सक्ती झाली. झाकणरावांचं त्या खुर्चीशी छान जमलं होतं. प्रत्यक्ष सासरे येऊन बसले तेव्हा थोडं जड गेलं.

त्यामुळे नव्या नोकरीचा विषय निघाला तेव्हा आपल्यापुढे काय वाढून ठेवलंय, हे त्यांनी ओळखायला हवं होतं.

झाकणराव प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या कंपनीत झाकणांचे आराखडे करत. फक्त झाकणांचे. डब्यांचा विभाग वेगळा, आणि तो वरच्या मजल्यावर. कंपनी घरापासून पाच मिनिटांवर. चहाची चव तोंडात असतानाच ते आपल्या टेबलाशी पोचत, आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत घरी. सुख म्हणतात ते हेच, असं सगळे म्हणत आणि झाकणरावही मान डोलवत. फक्त इतक्या वर्षांत त्यांना कोणी एकदाही विचारलं नव्हतं की तुमचं काय मत आहे. साहेब डबेवाल्यांशी बोलत, डबेवाले ठरवत, आणि ठरलेलं खाली कळवलं जाई.

अशात एका स्टार्टअपने त्यांना बोलावलं. ही मंडळी बोलकं झाकण बनवत होती. डब्यातलं अन्न नासलं की झाकणाने तसं तोंडाने सांगायचं. झाकण जवळजवळ तयार होतं. डबा मात्र नव्हता. "डबा कोणीही बनवतं हो," कंपनीचा संस्थापक म्हणाला. हा एक किडकिडीत पोरगा, मिसरूड नुकतंच फुटलेलं, आणि सगळं बोलणं येरझाऱ्या घालत. झाकणरावांना त्याने बसायला एक मोठी मऊ पिशवी दिली होती. तिच्यात ते इतके खोल गेले की पुढचा अर्धा तास त्यांना फक्त छत दिसत होतं. मग तो पोरगा अचानक थांबला आणि म्हणाला, "हे झाकण ओरडून सांगेल की हळू आवाजात? तुम्हाला काय वाटतं?"

झाकणरावांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. ऐकू आला नव्हता असं नाही. पुन्हा ऐकायचा होता.

"हळू," ते म्हणाले. "घरात पाहुणे असू शकतात."

पोरगा आनंदाने नाचायचाच बाकी राहिला. मुख्य झाकण अधिकारी हे पद तिथल्या तिथे देऊन टाकलं, आणि ऑफिसातल्या दोघांनी हात धरून त्यांना पिशवीतून बाहेर काढलं.

"लांब आहे जरा," रविवारी सकाळी झाकणराव बायकोला म्हणाले.

"जरा म्हणजे?"

"दोन बस. मग रस्ता संपतो, तिथून थोडं चालायचं."

"रस्ता संपतो?"

"पुढचा व्हायचाय अजून."

"एकूण किती, ते सांगा."

"जायला अडीच तास. यायला तीन धर."

बायकोने हातातली सुरी खाली ठेवली. "उत्तर कधी द्यायचंय?"

"शनिवारी संध्याकाळी तो फोन करणार आहे."

"म्हणजे आठवडा आहे आपल्याकडे," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत ती चमक आली.

तालीम अशी ठरली. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या पॅसेजमध्ये दोन खुर्च्या मांडायच्या. ती बस. सकाळी लवकर उठून झाकणरावांनी अडीच तास बसमध्ये बसायचं आणि उतरून थेट जुन्या ऑफिसला जायचं. संध्याकाळी घरी आलं की पुन्हा तीन तास बस. बसमध्ये असताना ते घरात नाहीत. त्यांच्याकडे कोणी बघायचं नाही, त्यांनी कोणाशी बोलायचं नाही.

"त्यापेक्षा मी आठवडाभर खऱ्या बसनेच जाऊन येतो की," झाकणराव म्हणाले.

"त्याने तुम्हाला झेपतंय का एवढंच कळेल. तुम्ही नसताना घराचं काय होतं, ते तुम्हाला दिसणार नाही. इथून दिसेल."

तिच्या सगळ्याच वेडेपणाला असा आतून भक्कम टेकू असायचा, आणि झाकणराव तिथेच चीतपट व्हायचे.

सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, ही बातमी कळली आणि त्यांचं वयच उतरलं. अण्णांनी सगळी हयात बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यापासून ते खिडकीशी बसून खालच्या रिक्षावाल्यांच्या चुका काढत. सोमवारी पहाटे ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पॅसेजच्या तोंडाशी उभे होते. गळ्यात नातीची जुनी शाळेची पिशवी, हातात स्टीलची ताटली आणि चमचा.

"तिकीट," ते म्हणाले.

"अण्णा, मी आहे."

"ते दिसतंय. तिकीट?"

वर्तमानपत्राचा फाटका कपटा मिळाला, ताटली दोनदा वाजली आणि बस सुटली. झाकणरावांनी सवयीने खिशातून फोन काढला. अण्णांनी तो अलगद काढून पिशवीत टाकला. "रेंज नाही. रस्ताभर डोंगर आहेत."

मग करायचं काय? उजव्या हाताला भिंत. डाव्या हाताला बोटभर खिडकी, तिच्यातून पाण्याचा पाइप दिसायचा. समोर स्वयंपाकघर, मागे हॉल. झाकणराव घराकडे बघू लागले.

मुलगी उठली. केस विंचरताना ती फ्रिजशी बोलत होती. त्यात वेगळं काय, असं वाटावं इतक्या सहज ती त्याला काल शाळेत काय झालं ते सांगत होती, आणि मधेच "तुला नाही कळायचं" असंही म्हणत होती. मग तिचा एक मोजा हरवला. तो सोफ्याखाली होता, झाकणरावांना स्पष्ट दिसत होता. ते ओठ मिटून बसले. तिने सगळं घर डोक्यावर घेतलं आणि शेवटी दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे घालून गेली. संध्याकाळी बायको कांदा चिरता चिरता गुणगुणत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती गुणगुणते हे त्यांना माहीतच नव्हतं. हे रोजचंच आहे की तालमीपुरतं, असं त्यांना विचारायचं होतं. पण विचारणार कसं? ते अजून कुठल्यातरी अर्धवट पुलावर होते.

मंगळवारी वरच्या मजल्यावरच्या काकू मिक्सरचं भांडं परत करायला आल्या. पॅसेजमध्ये खुर्चीवर ताठ बसलेले झाकणराव आणि ताटली घेऊन उभे अण्णा बघून दुसरं कोणी असतं तर जिन्यातूनच परत फिरलं असतं. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"तीस वर्षं बसने गेले हो मी बँकेत," त्या म्हणाल्या. "निवृत्त झाले आणि वाचन पार सुटलं. घरात कुठे लागतं मन?" त्या वर गेल्या, कादंबरी घेऊन आल्या आणि मागच्या खुर्चीवर बसल्या. अण्णांनी तिकीट दिलं.

बुधवारी समोरचे दातांचे डॉक्टर आले. त्यांना बसमध्ये झोप फार छान लागायची, म्हणे. गुरुवारी संध्याकाळी झाकणराव ऑफिसातून घरी आले तर पॅसेज गच्च भरलेला. काकूंनी आपल्या दोन मैत्रिणी आणल्या होत्या. एक गृहस्थ तर कुठल्या मजल्यावरचे, हेही झाकणरावांना ठाऊक नव्हतं. खिडकीच्या जागेवर रुमाल टाकलेला. माणसं आपापल्या घरच्या खुर्च्या घेऊन आली होती, आणि झाकणरावांना बसायला जागा नव्हती.

"आत सरका, आत सरका. आत गाडी रिकामी आहे," अण्णा ओरडले.

"अण्णा, ही माझी बस आहे."

"सगळे असंच म्हणतात."

झाकणराव भिंतीवरच्या खुंटीला धरून उभे राहिले. वळणावर अण्णा हाताने इशारा करत आणि सगळे एकदम डावीकडे कलत. झाकणरावांचा पाय एका बाईंच्या पायावर पडला. बाईंनी असं बघितलं की झाकणराव स्वतःच्या घरात तीनदा माफी मागून मोकळे झाले.

त्याच वेळी मुलगी हॉलमधून पळत आली. तिचा दात पडला होता. वरचा, बाजूचा, कितीतरी दिवस हलत असलेला. तो हातात नाचवत ती बसमध्ये घुसली. आजोबांना दाखवला, काकूंना दाखवला. डॉक्टरांना गदागदा हलवून उठवलं. त्यांनी तो उजेडात धरून बघितला आणि निर्वाळा दिला की दात उत्तम आहे, अशा दाताचा अभिमान वाटायला हवा. दात हातोहात फिरला. झाकणरावांनी हात पुढे केला, पण तो त्यांच्या नाकासमोरून शेजारच्या गृहस्थांकडे गेला.

"बाबांना दाखवलास?" कोणीतरी विचारलं.

"बाबा अजून यायचेत," मुलगी म्हणाली. ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. तिने चुकूनही वर बघितलं नाही. आईची मुलगी होती, नियम म्हणजे नियम.

ताटली वाजली, झाकणराव उतरले, तेव्हा ती झोपून गेली होती. "आज दात पडला तिचा," बायकोने ताट वाढताना सांगितलं. "अरे वा! कुठला?" झाकणराव म्हणाले. आवाज अगदी खरा वाटला. आपल्याला हे इतकं चांगलं जमतंय, याचीच त्यांना धास्ती वाटली.

त्यांच्या मनात एक चोर होता, तो इथे सांगून टाकतो. त्यांना ती नोकरी हवी होती, अगदी लहान पोराला खेळणं हवं असतं तशी. पण घराने मोडता घालावा, असंही वाटत होतं. दोन दिवसांत मुलीने भोकाड पसरावं, बायकोने हात जोडावेत, अण्णांनी म्हणावं की जावईबापू, तुमच्याशिवाय घर खायला उठतं. मग त्यांनी मोठ्या मनाने नोकरीवर पाणी सोडलं असतं आणि जन्मभर त्याचा अधूनमधून उल्लेख केला असता. पण छे! घर तेल घातल्यासारखं चाललं होतं.

शुक्रवारी जेवताना बायकोने निकाल दिला. "काहीच अडचण आली नाही. मला वाटलं होतं येईल. नाही आली. तुम्ही खुशाल हो म्हणा."

"नक्की?"

"मुलाखतीहून आलात ना, त्या दिवशी तुम्ही दोन-दोन पायऱ्या चढून वर आलात. मी स्वयंपाकघरातून आवाज ऐकला. कित्येक वर्षांत असे चढला नव्हता." ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "घ्या. आम्ही निभावून नेऊ."

झाकणरावांना आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण दुसरी पोळी मात्र त्यांनी नको म्हणून सांगितली.

शनिवारी संध्याकाळी शेवटची फेरी. झाकणराव मुद्दाम लवकर आले आणि त्यांनी जागा पटकावली. अण्णांनी फोन परत केला. "घाटात कालच टॉवर बसवलाय," ते म्हणाले. गाडी सुटून बराच वेळ झाला आणि मधल्याच एका थांब्यावर मुलगी चढली. खांद्याला आईची पर्स, डोळ्यांना आईचा गॉगल.

"एक हाफ," ती म्हणाली.

"कुठे?"

"शेवटपर्यंत." मग ती झाकणरावांकडे वळली. "काका, जरा सरकता का?"

"अगं..."

"अनोळखी प्रवाशांशी लगट करू नका," अण्णांनी दम भरला.

झाकणराव सरकले. ती त्यांच्या खुर्चीच्या अर्ध्या भागावर टेकली आणि पर्स मांडीवर घेऊन बसली.

"तुम्ही रोज असता या बसला?"

"या आठवड्यापासून."

"घरी कोण कोण असतं?"

"बायको. सासरे. आणि एक मुलगी आहे."

"केवढी?"

"तुझ्याएवढीच."

"कितवीत आहे?"

"तिसरीत," झाकणराव म्हणाले.

तिने समजूतदारपणे मान हलवली. "माझे बाबापण असंच सांगतात."

"म्हणजे?"

"तिसरीत म्हणून. मी चौथीत आहे."

मागे काकूंनी पान उलटायचं थांबवलं. डॉक्टरांचं घोरणंही बंद झालं.

"गेल्या पालकसभेला ते तिसरीच्या वर्गात जाऊन बसले होते," मुलगी सांगू लागली. "बाईंनी सगळं सांगितलं, त्यांनी सगळं ऐकलं. घरी येऊन मला म्हणाले, तुझी प्रगती छान आहे, फक्त पाढे कच्चे आहेत. माझे पाढे कच्चे नाहीत. ते दुसऱ्याच कोणाचे असणार."

झाकणरावांना तो वर्ग आठवला. बुटकी बाकं, भिंतीवर रंगवलेला हत्ती. त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा बघणाऱ्या बाई. या बाई जरा वेंधळ्या दिसतात, असं त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलंही होतं. बायकोने तेव्हा विषय बदलला होता.

"मग त्यांना कोणी सांगितलं नाही?" त्यांनी विचारलं.

"आई म्हणाली, राहू दे, त्यांना वाईट वाटेल. ते दमलेले असतात."

"कशाने? ऑफिस तर पाच मिनिटांवर असेल."

"तेच ना. मलापण कळत नाही." तिने गॉगल वर सारला. "घरी आले की ते फोन बघत बसतात. पण त्यांची ही बस मस्त आहे. बसमध्ये असले की सारखे माझ्याकडेच बघत असतात. मी बघत नाही असं दाखवते, पण मला कळतं."

"मग त्यांनी ती नोकरी घ्यावी, असं वाटतं तुला?"

तिने जरा विचार केला. "घेतली की मग खरी बस असणार ना. त्या बसमधून मी कशी दिसणार?"

झाकणराव उठले. "गाडी थांबवा."

"इथे थांबा नाही," अण्णा म्हणाले.

"मला उतरायचंय."

"शेवटच्या थांब्यालाच..."

झाकणराव खुर्च्यांमधून वाट काढत सुटले. "अहो, चालू गाडीतून!" काकू किंचाळल्या. दोघांनी त्यांचा शर्ट धरला. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. झाकणरावांनी उडी मारली, ते हॉलमध्ये सांडता सांडता सावरले आणि दार उघडून जिन्यात आले. दार मागे लोटलं गेलं. तेवढ्यात फोन वाजला.

"काय मग, मुख्य झाकण अधिकारी?" संस्थापक उत्साहाने म्हणाला. तो येरझाऱ्या घालतोय हे फोनवरही कळत होतं.

"नाही जमणार."

"लांब पडतं म्हणून का? रस्ता होतोय हो आता."

"रस्त्याचं नाही. मी तिसरीच्या वर्गात जाऊन बसलो होतो. मुलगी चौथीत आहे."

येरझाऱ्या थांबल्या. "मी समजू शकतो," पोरगा हळूच म्हणाला. त्याला काडीचं समजलं नव्हतं, पण त्याचा सूर चांगला होता. हा सूर आणि ते पद आता गेलं, कायमचं गेलं, हे झाकणरावांना लख्ख कळलं आणि जिन्यात उभ्याउभ्या त्यांना रडू आलं. त्यांनी बाहीने तोंड पुसलं आणि स्वतःच्याच घराची बेल दाबली.

आत ताटली एकदा वाजली. "उतरा बाई, सावकाश," अण्णांचा आवाज आला. मग धावती पावलं. दार उघडलं.

"बाबा! आज लवकर?"

झाकणराव उंबऱ्याशी उकिडवे बसले. आता त्यांचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला.

"कितवीत आहेस गं तू?"

ती क्षणभर गोंधळली. बसमधलं घरात बोलावं की नाही, ते तिला ठरवता येईना. "चौथीत," ती शेवटी म्हणाली.

"कधीपासून?"

"तिसरी संपल्यापासून."

"वर्ग कुठला?"

"दुसऱ्या मजल्यावर. जिन्याशेजारचा."

"मला दाखव."

"आत्ता? शाळा बंद असेल."

"बाहेरून दाखव. खिडकी तरी दाखव."

पॅसेजमधली सगळी माणसं माना लांब करून दाराकडे बघत होती, आणि स्वयंपाकघरातलं गुणगुणणं थांबलं होतं. मुलीने त्यांचा चेहरा नीट न्याहाळला. मग तिने पर्स खाली ठेवली आणि बूट घालायला वाकली.